छोट्या मेमरीचा मोठा माणूस

रात्रीचे साडेअकरा. उद्या प्रोजेक्टचं सबमिशन. घरच्या जुन्या कम्प्युटरवर ब्राउझरचे वीस-पंचवीस टॅब उघडे, एकीकडे रिपोर्ट टाइप करणं चाललेलं, मागे गाणी सुरू. आणि नेमकी तेव्हाच स्क्रीनवर एक चौकट उगवते. व्हर्च्युअल मेमरी कमी पडतेय म्हणे! माऊसचा बाण जागच्या जागी गोठतो, हार्ड डिस्कचा दिवा नुसता लुकलुकत राहतो आणि तुम्ही मनातल्या मनात देवाचा धावा सुरू करता.

धावा नंतर. आधी फाइल सेव्ह करा. झाली? मग आता पाच मिनिटं निवांत बसा. ही व्हर्च्युअल मेमरी ज्याच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष उभी राहिली, त्या माणसाची गोष्ट ऐका. त्याचं नाव टॉम किलबर्न. मेमरी कमी पडणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं क्वचितच कुणाला ठाऊक असेल. कारण त्याने सुरुवात केली ती फक्त ३२ ओळींच्या मेमरीपासून.

रेडिओ दुरुस्त करता येत नसलेला पोरगा

टॉमचा जन्म ११ ऑगस्ट १९२१चा. इंग्लंडच्या यॉर्कशरमधलं ड्यूजबरी हे त्याचं गाव. लोकरीच्या गिरण्यांचा हा भाग, आणि टॉमचे वडीलही एका गिरणीच्या कचेरीतच नोकरीला. गावातल्या व्हीलराइट ग्रामर स्कूलमध्ये शिकलेला हा मुलगा गणितात हुशार निघाला आणि १९४० मध्ये केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजात दाखल झाला.

तुमच्या वयाचाच होता तेव्हा तो. पण ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. अभ्यासक्रम आवळून दोन वर्षांवर आणलेला. १९४२ मध्ये तो पहिल्या वर्गात पदवीधर झाला आणि लगेच सरकारी कामावर रुजू व्हायचं फर्मान आलं. इलेक्ट्रॉनिक्सचा काही आठवड्यांचा एक कोर्स पदरात टाकून त्याला रडारवर काम करणाऱ्या संशोधन संस्थेत, मॉल्व्हर्नला धाडण्यात आलं.

तिथे त्याचे साहेब होते फ्रेडी विल्यम्स. सर्किटच्या दुनियेतला उस्ताद माणूस. त्यांना हवा होता हात बसलेला इंजिनीअर, आणि समोर उभा राहिला इलेक्ट्रॉनिक्सचा जेमतेम गंध असलेला गणिताचा पदवीधर. विल्यम्स पार हिरमुसले. कॅम्पस प्लेसमेंटमधून थेट भलत्याच डिपार्टमेंटमध्ये जाऊन पडलेल्या तुमच्या एखाद्या सीनिअरला विचारा, टॉमची अवस्था काय झाली असेल ते तो सांगेल. पण टॉम तक्रार करत बसला नाही. युद्ध संपेपर्यंत तो विल्यम्सच्या गटातला पक्का भिडू झाला होता. मधल्या काळात, १९४३ मध्ये, आयरीन मार्सडेनशी त्याचं लग्नही झालं.

३२ ओळींचं बाळ

युद्ध संपलं आणि एका प्रश्नाने सगळ्यांना छळायला सुरुवात केली. इलेक्ट्रॉनिक यंत्रं झपाट्याने आकडेमोड करू शकत होती, पण आकडे आणि सूचना ठेवायच्या कुठे? त्याच झपाट्याने वाचता आणि पुसता येईल अशी मेमरीच नव्हती.

१९४६च्या अखेरीस विल्यम्स प्राध्यापक म्हणून मँचेस्टर विद्यापीठात गेले. पाठोपाठ टॉमही. दोघांनी रडारच्या पडद्यासाठी वापरायची काचेची नळी घेतली. जुन्या टीव्हीत असायची ना, तीच पिक्चर ट्यूब. तिच्या पडद्यावर विजेचा एक ठिपका उमटवला की तो एक बिट. अडचण एवढीच, की ठिपका सेकंदाच्या छोट्याशा अंशात विरून जायचा. मग तो विरायच्या आत वाचायचा आणि पुन्हा लिहायचा, पुन्हा वाचायचा, पुन्हा लिहायचा. असं अखंड. १९४७ संपता संपता टॉमने एका नळीवर २०४८ बिट तासन् तास टिकवून दाखवले.

पण ही मेमरी खऱ्या कम्प्युटरच्या वेगाला टिकेल का? ते बघायचं तर कम्प्युटर हवा, आणि तसा कम्प्युटर जगात कुठेच नव्हता. मग काय, टॉमने जेफ टूटिल या सहकाऱ्याला हाताशी धरून छोटासा कम्प्युटरच बांधायला घेतला. त्याचं लाडाचं नाव पडलं ‘बेबी’. मेमरी ३२ ओळींची, प्रत्येक ओळीत ३२ बिट. एकूण १०२४ बिट, म्हणजे १२८ बाइट. आजच्या पद्धतीने त्यात मराठी मजकूर ठेवायचा म्हटलं, तर काने-मात्रे वेगळे मोजून चाळीस-बेचाळीस चिन्हं मावतील. एक वाक्यसुद्धा धड नाही.

२१ जून १९४८ या दिवशी बेबीवर टॉमने लिहिलेला १७ सूचनांचा प्रोग्राम चालला. २,६२,१४४ या संख्येला पूर्ण भाग जाणारी, तिच्याहून लहान अशी सगळ्यात मोठी संख्या शोधायची होती. उत्तर १,३१,०७२. तुम्ही तोंडी सांगाल, निम्मं करून. पण यंत्राला मुद्दाम एकेक संख्या तपासत जायचं काम दिलं होतं, कारण बघायचं होतं ते मेमरी किती वेळ तग धरते हे. ५२ मिनिटांनी बरोबर उत्तर आलं. इलेक्ट्रॉनिक मेमरीत साठवलेला प्रोग्राम कम्प्युटरने चालवल्याची ही पहिली वेळ. टॉम तेव्हा २६ वर्षांचा होता.

ओटा आणि माळा

बेबीतून मँचेस्टर मार्क १ हे मोठं यंत्र उभं राहिलं, आणि त्यावरून १९५१ मध्ये फेरांटी कंपनीने बाजारात विकायचा कम्प्युटर तयार केला. आता मेमरी दोन प्रकारची झाली होती. काचेच्या नळ्यांमधली, वेगवान पण इवलीशी. आणि गरगर फिरणाऱ्या चुंबकीय ड्रमवरची, ऐसपैस पण संथ.

घरातला स्वयंपाकाचा ओटा आठवा. हाताशी लागणारे चार डबे ओट्यावर, बाकीचे माळ्यावर. ओटा म्हणजे वेगवान मेमरी, माळा म्हणजे ड्रम. मार्क १ वर प्रोग्राम लिहिणाऱ्याला भाजीचा विचार करता करता डब्यांचाही हिशेब ठेवावा लागे. कुठलं पान ड्रमवरून कधी खाली आणायचं, त्यासाठी कुठलं पान परत वर टाकायचं, सगळं आपल्याच प्रोग्राममध्ये लिहायचं. गणित सोडवायला आलेला माणूस अर्धा वेळ हमाली करत बसे. १९५४ मध्ये टोनी ब्रूकर या मँचेस्टरच्याच संशोधकाने ऑटोकोड नावाची सोपी प्रोग्रामिंग पद्धत आणली आणि त्यात ही ने-आण बऱ्याच अंशी आपोआप व्हायला लागली. पण ते त्या एका पद्धतीपुरतंच.

टॉमला ही हमाली यंत्राच्याच गळ्यात घालायची होती. प्रोग्राम लिहिणाऱ्याला वाटलं पाहिजे, की आपल्यासमोर एकच मोठीच्या मोठी मेमरी आहे. ओटा कुठे संपतो आणि माळा कुठे सुरू होतो, ते यंत्राने बघून घ्यावं.

१९५६ मध्ये त्याच्या गटाने म्यूज नावाचा नवा, अतिवेगवान कम्प्युटर बांधायला घेतला. सुरुवातीला सरकारी मदत मिळेना. मग विद्यापीठाच्या आधीच्या कम्प्युटरचा वेळ बाहेरच्यांना विकून जमलेल्या पैशांतून काम रेटलं. पुढे फेरांटी सोबत आली, यंत्राचं नाव ॲटलस झालं आणि ७ डिसेंबर १९६२ रोजी त्याचं उद्घाटन झालं. त्या काळच्या जगातल्या सगळ्यात ताकदवान कम्प्युटरांपैकी तो एक होता.

आता त्याची मेमरी ऐका. तारांमध्ये ओवलेल्या फेराइटच्या बारीक कड्यांची मुख्य मेमरी होती १६,३८४ शब्दांची, शब्द ४८ बिटांचा. म्हणजे आजच्या हिशेबात ९६ केबी. तुमच्या मोबाइलमधला एक साधा फोटोही त्यात मावायचा नाही! ड्रमवर होते आणखी ९८,३०४ शब्द. या कड्यांची मेमरी भलती महाग, म्हणून ती वाढवणं परवडणारं नव्हतं.

मग टॉम आणि त्याच्या साथीदारांनी युक्ती केली. सगळ्या मेमरीचे ५१२ शब्दांचे एकसारखे तुकडे पाडले. मुख्य मेमरीत असे ३२ तुकडे मावत. तिथल्या प्रत्येक जागेवर एक पाटी, आत्ता इथे कुठला तुकडा आहे ते सांगणारी. प्रोग्रामने काही मागितलं की ३२ पाट्या एका दमात तपासल्या जात. तुकडा सापडला तर ठीक. नसला तर यंत्र प्रोग्रामला क्षणभर थांबवून ड्रमवरून तो आणे. आलेल्याला लगेच टेकता यावं म्हणून एक जागा कायम रिकामी ठेवलेली असे. आणि मग बाहेर कुणाला काढायचं? त्यासाठी यंत्र कुठला तुकडा किती वेळ नुसता पडून आहे याची नोंद ठेवी आणि पुढे सगळ्यात जास्त काळ लागणार नाही असा तुकडा हेरून ड्रमवर पाठवी.

हीच व्हर्च्युअल मेमरी. टॉमने मात्र तिला एकस्तरीय साठवण असं नाव दिलं होतं. याच प्रकारची कल्पना पन्नाशीच्या दशकात जर्मनीच्या फ्रिट्झ-रुडॉल्फ ग्युंच यांनीही आपल्या प्रबंधात मांडली होती. पण ती चालवून दाखवली ॲटलसने.

माळा कितीही मोठा केला तरी

आता परत तुमच्या स्क्रीनवर या. तुमच्या कम्प्युटरमधली रॅम म्हणजे ओटा. हार्ड डिस्कवर विंडोजने स्वतःसाठी एक फाइल राखून ठेवलेली असते, पेजिंग फाइल. तो माळा. रॅम आणि पेजिंग फाइल मिळून जेवढी जागा होते, तेवढीच सगळ्या प्रोग्रामांना मिळून वापरता येते. ती संपत आली की ती चौकट येते. व्हायरसच असेल असं नाही, कम्प्युटर मेला असंही नाही. जागा संपत आलीय, एवढाच अर्थ.

म्हणून पहिलं काम, ओटा कुणी अडवलाय ते बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात मेमरीच्या रकान्यावर क्लिक करा, सगळ्यात खादाड प्रोग्राम वर येईल. बहुतेक वेळा तो ब्राउझरच निघतो. नको असलेले टॅब बंद करा. कम्प्युटर सुरू होताच आपोआप उघडणारे प्रोग्राम तिथेच, स्टार्टअपच्या पानावर बंद करता येतात. काही प्रोग्राम घेतलेली मेमरी परतच करत नाहीत. काहीच न करता एखाद्याचा आकडा तासन् तास फुगत चालला असेल तर तो बंद करून पुन्हा उघडा, नाहीतर सरळ रीस्टार्ट करा.

दुसरं, सी ड्राइव्हवर जागा आहे का ते बघा. पेजिंग फाइल सहसा तिथेच असते. ड्राइव्ह सिनेमांनी आणि जुन्या डाउनलोडनी ठासून भरला असेल, तर तिला वाढायला जागाच उरत नाही. रिसायकल बिनसुद्धा रिकामा करा, तिथलं सामानही जागा खातंच.

तिसरं, सेटिंग. सर्चमध्ये ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज शोधा. उघडलेल्या खिडकीत परफॉर्मन्सच्या खालचं सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड, मग व्हर्च्युअल मेमरीच्या खालचं चेंज. वरच एक चौकोन दिसेल, पेजिंग फाइलचा आकार विंडोजने आपणहून ठरवावा असं सांगणारा. त्यावर टिक हवी. कुणा जाणकार मित्राने कम्प्युटर फास्ट करून देतो म्हणत ती काढली असेल किंवा पेजिंग फाइलच बंद करून ठेवली असेल, तर रोग तिथेच आहे. आकार स्वतः द्यायचाच असेल तर जुना ठोकताळा असा, की सुरुवातीचा आकार रॅमच्या दीडपट आणि कमाल तिप्पट. ४ जीबी रॅमला ६,१४४ आणि १२,२८८ एमबी. सेट म्हणा, ओके म्हणा, रीस्टार्ट करा.

एवढ्याने चौकट जाईल. पण कम्प्युटर वेगवान होईलच असं समजू नका. इथेच बरेच जण फसतात. माळा मोठा केल्याने डबे ठेवायला जागा होते, ओटा काही वाढत नाही. वीस पाहुण्यांचा स्वयंपाक चार डब्यांच्या ओट्यावर काढला, तर सगळा वेळ स्टुलावरून चढ-उतार करण्यातच जाणार आणि भाजी करपणार. कम्प्युटरचंही तेच. एक तुकडा आणायला दुसरा बाहेर, तो लगेच लागला म्हणून तिसरा बाहेर. नुसती ये-जा, काम शून्य. याला थ्रॅशिंग म्हणतात. ॲटलसनंतर साठच्या दशकात बऱ्याच यंत्रांना या रोगाने छळलं, आणि व्हर्च्युअल मेमरी कामाची आहे की नाही यावरच वाद झडले. १९६८ मध्ये पीटर डेनिंग यांनी त्यामागचं कारण नीट मांडलं. प्रत्येक प्रोग्रामला एका वेळी लागणारे तुकडे ओट्यावर मावलेच पाहिजेत. ते मावत नसतील तर कुठलीही युक्ती चालत नाही.

म्हणजे टास्क मॅनेजरमध्ये रॅम रोजच काठोकाठ भरलेली दिसत असेल, तर उपाय दोनच. एका वेळी कमी प्रोग्राम उघडा किंवा रॅम वाढवा. विकत घेण्याआधी आपल्या मशीनला डीडीआर३ लागते की डीडीआर४, आणि स्लॉट रिकामा आहे का, ते बघून घ्या. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, तिथे ही वाट बंद. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली तर माळ्यावरची ये-जा पुष्कळ जलद होते, तरी ती ओट्याची बरोबरी करत नाही.

उरलेली गोष्ट

वाद सुरू होते तेव्हा टॉम नवं काहीतरी बांधण्यात गुंतला होता. १९६४ मध्ये त्याने मँचेस्टरला कम्प्युटर सायन्सचा वेगळा विभाग सुरू केला, ब्रिटनमधला पहिला. म्हणजे तुमच्यापैकी कित्येक जण ज्या विषयाची पदवी घ्यायला धडपडताय, तो विषय कॉलेजात आणणाऱ्यांपैकीही तो एक. पुढच्याच वर्षी तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. १९७२ मध्ये आयबीएमने आपल्या मोठ्या कम्प्युटरांमध्ये व्हर्च्युअल मेमरी आणल्याचं जाहीर केलं आणि वाद जवळपास मिटला. १९८५ मध्ये इंटेलच्या ३८६ चिपमध्ये तुकड्यांचा हिशेब ठेवायची सोय आली आणि त्यानंतर ॲटलसची युक्ती घराघरातल्या टेबलावर पोचली.

टॉमचं जगणं साधं होतं. उन्हाळ्यात बायको-मुलांसोबत ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर सुट्टी, आणि मँचेस्टर युनायटेडच्या मॅचला हजर राहता येईल अशा बेताने परत. पाच मोठे कम्प्युटर त्याच्या देखरेखीखाली उभे राहिले, पण प्रत्येक वेळी त्याने ते गट बांधून केलं. ॲटलसच्या मेमरीवरच्या शोधनिबंधावर त्याच्यासोबत तीन साथीदारांची नावं आहेत.

आयरीनची तब्येत ढासळत चालली तशी तिच्यासोबत वेळ घालवता यावा म्हणून त्याने साठीतच निवृत्ती घ्यायचं ठरवलं. वर्ष १९८१. पण निवृत्तीला दोन आठवडे उरले असतानाच आयरीन गेली. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा वेळ वाचवण्यासाठी आयुष्य घालवलेल्या या माणसाला बायकोसाठी राखलेला वेळ मात्र मिळाला नाही.

१९९८ मध्ये बेबीला पन्नास वर्षं झाली तेव्हा मँचेस्टरमध्ये तिची हुबेहूब प्रतिकृती उभारली गेली. ती सुरू झाली तेव्हा टॉम आणि टूटिल दोघंही हजर होते. पडद्यावर तेच हिरवे ठिपके, पुन्हा ३२ ओळी. १७ जानेवारी २००१ रोजी टॉम गेला. मँचेस्टर विद्यापीठात कम्प्युटर सायन्सचा विभाग ज्या इमारतीत आहे, तिला आज किलबर्न बिल्डिंग म्हणतात.

तुमच्या स्क्रीनवरची ती चौकट एव्हाना गेली असेल. आता गाणी बंद करा, नको ते टॅब मिटा, रिपोर्ट उघडा. दर दोन-चार ओळींनंतर कंट्रोल आणि एस दाबायची सवय लावून घ्या. ते काम अजून तुमच्याच गळ्यात आहे.